वळणावरचा उजवा हात

आमच्या गावच्या वळणाला बळी लागतो, असं अजूनही कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वळणाला काही लागत नाही. वळण म्हणजे तांबडी माती, सुटी खडी आणि कडेला गडगा, म्हणजे चिरे रचून केलेलं बुटकं कुंपण. जे काय लागतं ते माणसांना लागतं, आणि माणसं ते वळणाच्या नावावर खपवतात. हे मी गावात कितीतरी वेळा तोंडावर बोलले आहे. लोक म्हणतात, तिचा स्वभावच तापट. असू दे तापट. एकदा सगळं पहिल्यापासून सांगते, मग काय ते ठरवा.

हे माझं माहेर. मालवणहून कुडाळच्या वाटेला लागलं की मध्येच एक रस्ता आत फुटतो, तो आमच्या गावाला येतो. खाली भातशेती, वर सडा, म्हणजे कातळाचं मोकळं माळरान, आणि दोन्हींच्या मधून चढणारा हा रस्ता. वेशीवर तो एकदम वळतो. त्या वळणात, बाहेरच्या अंगाला, गडग्याला लागून देवचाराची घुमटी आहे. देवचार म्हणजे देव नव्हे आणि भूतही नव्हे, गावाचा राखणदार. काठी आणि पेटती चूड घेऊन तो वेशीवरून फिरतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घुमटीत मूर्ती नाही, नुसता दगड. कुणी त्याच्यापुढे मेणबत्ती लावतो, कुणी विडी ठेवतो.

त्याचा मान ठरलेला. तिथून जाताना थांबायचं नाही. थांबलं तर तो पाठीला लागतो म्हणतात. चालता चालता घुमटीकडे तोंड करायचं, मान खाली घालायची, उजवा हात कपाळाला लावायचा आणि तसंच पुढे जायचं. म्हातारीकोतारी, शाळेची पोरं, बाजाराहून येणाऱ्या बायका, सगळी तसंच करत. गाडीवान कासरा डाव्या हातात घेत आणि उजवा कपाळाला लावत. बैलांना वाट पाठ असायची, त्यामुळे गाडीवानाचं लक्ष क्षणभर कुठेही असलं तरी गाडी वळणातून नीट बाहेर पडायची. मी स्वतः तिथे जन्मभर हात केला आहे. मला देवचाराशी भांडण नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मग आल्या फटफट्या. चीनच्या लढाईनंतर आमच्या बाजूला बहुतेक घरांतून कुणी ना कुणी पलटणीत गेलेला. वर्षाकाठची रजा मिळाली की ट्रंका घेऊन सगळे गावाला येत. त्याच सुमारास कुडाळच्या एका गॅरेजवाल्यानं लष्करानं मोडीत काढलेल्या फटफट्या लिलावात घेतल्या आणि तो त्या भाड्यानं देऊ लागला. घेणारे कोण, तर हेच रजेवरचे जवान. गावाचा समज असा की खाकी अंगावर चढली की फटफटी आपोआप येते. पलटणीत भात रांधणारा असो, नाहीतर तोफेत गोळा भरणारा असो, लष्करातला आहे ना, मग झालं. ‘तू ही शिकलास कुठे?’ असं त्याला कुणी विचारत नसे. विचारणं म्हणजे त्याची इभ्रत काढणं. आणि जवान तरी कुणाचे? आमच्याच गावचे. मागे बहिणीला नाहीतर मेव्हण्याला बसवायचं आणि भर्रकन बाजारात जाऊन यायचं, यातच त्यांची मर्दुमकी.

आमचे हे मात्र खरोखरीचे फटफटीवाले. ते आंबोलीच्या अंगचे, घाटात वाढलेले. लष्करात निरोप्याचं काम फटफटीवरून करतात. एका छावणीचे कागद दुसरीकडे, ऊन असो, पाऊस असो, रस्ता असो नसो. हे काम त्यांनी बरीच वर्षं केलं आणि पुढे हवालदार झाल्यावर नव्या मुलांना तेच शिकवू लागले. मुलं त्यांना उस्ताद म्हणत. घरी बोलायला अगदी मऊ माणूस, पण फटफटीवर कुणी वेडंवाकडं बसलेलं दिसलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी डोक्यावर ते जाड, कडक हेल्मेट चढवल्याशिवाय मूठ पिळायचे नाहीत. माझ्या माहेरच्या बायका पदराआड हसायच्या. “बाय गो, जावयाच्या माथ्यार भाताचो टोप कित्या?” असं एकीनं मला विहिरीवर विचारलं. मी म्हटलं, तुझ्या घोवाच्या डोक्यात काही सांडण्यासारखं नाही म्हणून त्याला लागत नाही. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही.

आता माझ्या धाकट्या भावाचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्याची. तोही पलटणीत. त्याला लहानपणापासून एकच वेड, आपल्या मेव्हण्यासारखं व्हायचं. त्या वर्षी त्याची निरोप्यांच्या शिक्षणासाठी निवड झाली. रजा संपली की थेट तिकडेच हजर व्हायचं होतं. तिथे पास झाला तर फटफटी त्याची, नाही झाला तर परत आपल्या जुन्या कामावर. शिमगा सरल्यावर तो रजेवर आला, आणि आम्ही दोघंही त्याच वेळी आलो. आईनं पहिल्याच दिवशी यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “जावयबापू, तुमी हेका शिकवा. पण हातपाय धड घेवन परत पाठवा. माका दुसरा काय एक नको.” यांनी मान डोलावली. आईच्या दृष्टीनं तो विषय तिथे मिटला. जावयानं मान डोलावली म्हणजे मुलाला काही होणार नाही.

पण वळण होतंच. आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतला एक जवान तिथे गडग्यावर आपटून जागीच गेला होता. आणि आम्ही यायच्या थोडे दिवस आधी तोफखान्यातला एक मुलगा तिथेच पडून मांडीचं हाड मोडून घरी पडलेला. गावानं दोघांचाही निकाल केव्हाच लावला होता. पहिल्याच्या घरच्यांनी देवचाराचा कोंबडा चुकवला होता आणि दुसरा भर बाराच्या ठोक्याला वेशीवरून गेला. एवढं बोलून सगळे मोकळे. रस्त्यावरची खडी कुणी लोटली नाही की गडग्याचे पुढे आलेले चिरे कुणी मागे घेतले नाहीत.

यांना हे पटेना. ते त्या तोफखान्याच्या मुलाकडे गेले, मीही बरोबर होते. तो बिचारा पाय प्लॅस्टरमध्ये घालून ओटीवर पडला होता. यांनी त्याला एवढंच विचारलं, पडण्याआधी काय केलंस?

“बाकी काय आठवणा नाय,” तो म्हणाला. “घुमटी इली, हात केलंय, नि मगे आभाळ दिसला.”

“खंयचो हात?”

“उजवो. देवाक काय डावो करतत?”

परत येताना हे वाटेत थांबले आणि मला हातवारे करून समजावू लागले. फटफटीच्या उजव्या मुठीत इंजिनाचा वेग असतो, तिथेच पुढच्या चाकाचा ब्रेक असतो. वळणात ती मूठ सोडली की गाडी एकदम अडखळते. त्यात खाली खडी. त्यात माणसाची मान खाली आणि डोळे घुमटीकडे. “फटफटी नजरेच्या पाठसून जाता,” ते म्हणाले. “घुमटीकडे बघलास तर घुमटीकडे जातलस. घुमटीक लागून काय आसा? गडगो.” मग पुढे म्हणाले, “हो मान चालणाऱ्या माणसाक बरो. बैलगाडयेकय बरो. फटफटीक बैलाची अक्कल नाय.”

इतकं साधं होतं हो. शेंबड्या पोराला कळावं इतकं साधं. दोन घरं उद्ध्वस्त झाली तरी ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण डोकी सगळी कोंबडा कुणी चुकवला ते शोधण्यात गुंतलेली.

दुसऱ्या दिवसापासून हे धाकट्याला घेऊन सड्यावर जाऊ लागले. कुडाळहून फटफटी आणली होती, भाड्यानं. सड्यावर त्यांनी नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालटी, ओळीनं मांडली आणि त्यांच्यामधून नागमोडी जायला लावलं, तेही अगदी हळू. धाकट्याला वाटलं होतं, भावजी आपल्याला वेग शिकवतील. यांनी त्याला आठवडाभर वेग म्हणून दाखवला नाही. पाय न टेकता माणसाच्या चालीनं गाडी चालवून दाखव, म्हणायचे. मग दोन्ही ब्रेक एकदम कसे दाबायचे, वळणाच्या आधीच वेग कसा उतरवायचा, खडीत गाडी कशी सरळ ठेवायची. हेल्मेट घातल्याशिवाय गाडीला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. आपलंच जुनं त्याला दिलं होतं. आणि एकसारखं एकच ओरडणं, पलटणीच्या हिंदीत, “नजर सामने.” मी दुपारी भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन वर जायची तेव्हा ते लांबूनच ऐकू यायचं. धाकटा वैतागायचा, पण शिकला. फार छान शिकला. सोडणांच्या मधून आठाचा आकडा काढायचा तेव्हा बघत राहावंसं वाटायचं.

वळणाचंही यांनी त्याला बजावलं. वळणाच्या अलीकडे थांब, पाय टेक, दोन्ही हात जोड, मग पुढे जा. धाकटा तसं करू लागला. माझ्या मते देवचाराला याहून मोठा मान कुणी दिला नव्हता. इतर लोक धावता हात करत होते, हा गाडी थांबवून हात जोडत होता. पण गावाला हेच खुपलं. वेशीवर थांबायचं नाही, ही मूळची रीत. हा थांबतो म्हणजे देवचाराला अडवतो. जावयानं शिकवलंय म्हणे.

आणि मग बसली देवळात सभा. माझे बाबा मानकरी, गावात त्यांचा दुसरा मान. पहिला मान थोरल्या गावकारांचा, ते नात्यानं बाबांचे चुलत भाऊ. देवाला कौल लावायचा ठरला. कौल म्हणजे देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा; उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आम्ही बायका खांबाआड उभ्या होतो. हे सभामंडपाच्या पायरीवर बसले होते, कारण जावयाला सासुरवाडीच्या देवळात बोलायचा अधिकार नाही. प्रश्न घातला तो असा: देवचाराच्या पिढीजात रीतीत बदल केलेला तुका मान्य आसा काय?

मी खांबाआडून ऐकलं आणि माझे कान तापले. हा काय प्रश्न झाला? फटफटीचं नाव नाही, पडलेल्या मुलांचं नाव नाही, खडीचं नाही. रीत बदलू का, असं कुठल्याही देवाला विचारलं तर तो काय सांगेल? यांनी पायरीवरून हळूच म्हटलं, “आणि एक विचारा. दोन झील पडले ते हात सोडल्यामुळे पडले काय, ता विचारा.” सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले, जणू यांनी देवाला शिवी दिली. थोरले गावकार मंद हसले आणि म्हणाले, “जावयबापू, देवाक पलटणीतले सवाल कळणत नाय.” डावी पाकळी पडली. सभा उठली.

घरी आल्यावर बाबांनी यांना टाळलं. मला मागच्या दारी बोलावलं. “गो, तुझ्या घोवाक सांग, हंयचे देव आमचे आसत. तेंका कवायत शिकवची गरज नाय.” मी म्हटलं, बाबा, तुमच्या मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, “माझ्या झिलाक राखणारो वेशीर बसलो आसा.” बाबांचा त्याच्यावर खरंच विश्वास होता, ढोंग नव्हतं. पण मला त्याचाच राग येतो. ढोंग असतं तर निदान भीती दाखवून मोडता आलं असतं.

हे मात्र हरणारे नव्हते. थांबायचं नाही ना? ठीक. त्यांनी धाकट्याला सांगितलं, वळण यायच्या आधी इंजिन बंद कर, खाली उतर, डाव्या हातानं हँडल धर आणि गाडी ढकलत चालत जा. चालता चालता खुशाल उजवा हात कपाळाला लाव. रीत मोडत नाही, मानही चुकत नाही, आणि पायी चालणारा माणूस पडत नाही. मला तर हसूच आलं, इतकी सरळ वाट. देवाच्या कौलातही बसत होती. धाकटा तसं करू लागला आणि काही दिवस सगळं सुरळीत चाललं. देवचाराचं काही म्हणणं दिसलं नाही.

म्हणणं होतं ते चहाच्या हॉटेलातल्या बाकड्यावर बसणाऱ्यांचं. शिरा पडो त्यांच्या तोंडावर. वळण तिथून दिसायचं. धाकटा उतरून गाडी ढकलू लागला की बाकड्यावरून खोकल्याचे आवाज. “लष्करातलो गडी, नि फटफटी ढकलता.” “पेट्रोल सपला काय रे?” थोरले गावकार एकदा सगळ्यांदेखत बाबांना म्हणाले, “चीनवालो इलो तर तुझो झील तेकाय ढकलतलो काय?” सगळे हसले. बाबाही हसले म्हणे, पण घरी आले ते जेवलेच नाहीत. आईनं विचारलं तर ताटावरून उठून गेले.

देवळात जे झालं त्याला मी एक वेळ श्रद्धा म्हणेन. हॉटेलात जे झालं त्याला काय म्हणू? मुलानं शिकलेलं नीट केलं, वडिलांची रीत सांभाळली, मेव्हण्याचं ऐकलं, आणि या सगळ्याचं बक्षीस काय, तर टिंगल. यांच्या छावणीत एखाद्या मुलानं घाईनं हेल्मेट न घालता गाडी काढली तर त्याला शिक्षा व्हायची. आमच्या गावात घालणाऱ्याला व्हायची.

जायच्या आदल्या दिवशी धाकटा मालवणला जायला निघाला. पलटणीतल्या दोस्तांसाठी त्याला गुळाचं खाजं न्यायचं होतं. बाबा म्हणाले, मीही येतो. त्याच्यामागे फटफटीवर बाबा पहिल्यांदाच बसत होते. धोतर सावरून, टोपी नीट करून, ऐटीत बसले. आई दारात उभी राहून बघत होती आणि तिला कौतुक वाटत होतं. मलाही वाटलं. हे त्या दिवशी आमच्या तिकिटांचं बघायला कुडाळला गेले होते.

पुढचं धाकट्यानं मला नंतर इस्पितळात सांगितलं. बाबांनी ते कधी नाकारलं नाही.

येताना वळण जवळ आलं तसा धाकट्यानं वेग उतरवला आणि उतरायला बघितलं. हॉटेलात नेहमीची मंडळी बसलेली. बाबा मागून म्हणाले, “आज ढकलूचा नाय. मी पाठी बसलंय. माझी लाज ऱ्हवांदे.” धाकट्यानं ऐकलं. दोन्ही हात हँडलवर, नजर समोर, वेग बेताचा. भावजींनी शिकवलं तसं. आपण न थांबता, न हात करता निघून जाऊ, मग घरी आल्यावर बाबांची बोलणी खाऊ, असं त्यानं मनात धरलं होतं. घुमटी आली. बाबांनी आपला हात कपाळाला लावला आणि बघितलं तर मुलाचा हात हँडलवरच. “मान दी,” ते म्हणाले. धाकट्यानं नाही म्हणून डोकं हलवलं. “अरे, मान दी म्हणतंय मां,” म्हणून त्यांनी त्याच्या उजव्या खांद्यावर चापट मारली.

“मगे हात वर गेलो, ताय,” धाकटा मला म्हणाला. “बापाशीचा आयकाक नको?”

एवढंच. बाबा मागच्या मागे करवंदीच्या जाळीत पडले, ओरखडे सोडले तर काही झालं नाही. धाकटा फटफटीसकट गडग्यावर गेला. डोकं चिऱ्यावर आपटलं, हेल्मेटला केवढी तरी भेग पडली, पण डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. उजवा खांदा मात्र पुढे आलेल्या चिऱ्यावर बसला. ज्यांनी इतके दिवस बाकड्यावर बसून खोकले काढले त्यांनीच त्याला उचलून आणला. तेवढं कबूल केलं पाहिजे.

पुढे घाटावरच्या लष्करी इस्पितळात नेला. हाड जुळलं. हात जुळला नाही. खांद्यातल्या शिरा तुटल्यात, हाताला आता काही कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हात दिसायला तसाच होता, नखंसुद्धा वाढायची, पण खांद्यापासून खाली मेलेला. चिमटा काढला तरी त्याला समजायचं नाही. निरोप्याचं शिक्षण राहिलंच. पलटणीनंही त्याला घरी पाठवला. आईनं यांच्या हातात चहा दिला आणि आत गेली. हे अंगणात किती वेळ पेला हातात धरून उभे होते, त्यांनाच ठाऊक.

आणि गाव काय म्हणाला असेल? गाव म्हणाला, देवचारानं राखलं.

खरंच सांगते, तसंच म्हणाला. गडग्यावर आपटलेला मुलगा जिवंत परत आला, आणखी काय पाहिजे? भेग पडलेलं हेल्मेट आमच्या ओटीवर खुंटीला टांगलेलं होतं. येणारा-जाणारा ते बघायचा आणि त्याच्याखाली बसून सांगायचा, राखणदार जागा आहे. मी एकदा ते खुंटीवरून काढून एकाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, ही भेग बघा, ही कुणाला पडली असती? त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, ह्या टोपात देवचारच बसलो होतो. अशा माणसाशी काय बोलायचं, सांगा मला.

धाकटा हिंडूफिरू लागल्यावर देवचाराचा कोंबडा आणि नारळ द्यायचा ठरला. जीव वाचला म्हणून. मी मुद्दाम आले होते. हे ड्युटीवर होते, त्यांना रजा मिळाली नाही, आणि बरंच झालं. आम्ही सगळे पायी वळणावर गेलो. धाकट्याचा उजवा हात गळ्यात बांधलेल्या फडक्यात होता. थोरल्या गावकारांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. “बा देवचारा महाराजा, ह्या घराण्यातल्या झिलाक तू राखलस. जीवावरचा होता ता बोटार निभावलस.” सगळे म्हणाले, “होय महाराजा.” बोटावर. अख्खा हात गेला आणि हे म्हणतात बोटावर.

नारळ फुटला. मग रीतीप्रमाणे एकेक जण न थांबता घुमटीवरून पुढे जायला लागला, हात करत. धाकट्याची पाळी आली. त्यानं घुमटीकडे तोंड केलं, मान खाली घातली आणि डावा हात कपाळाला लावला.

“अरे,” थोरले गावकार म्हणाले, “डाव्या हातान देवाक कोण मान देता?”

ते रागानं बोलले नव्हते. लहान मुलाला सांगावं तसं सांगत होते. रीत चुकली म्हणून. धाकटा गोंधळला. हात कपाळावर तसाच राहिला. बाबा चटकन पुढे झाले, आपला उजवा हात वर केला आणि म्हणाले, “तेच्या वतीन मी करतंय.” आणि केलाही. त्याच खांद्याशेजारी उभं राहून, त्याच हातानं.

माझ्या माहेरात बाईमाणूस देवकार्यात बोलत नाही. मी बोलले.

“बाबा, तुमचो हात खाली घेवा,” मी म्हटलं. “नि गावकारानूं, हेचो उजवो हात ह्या देवचाराकडेच आसा. तेना हंयच घेतल्यान. तुमी तेच्याकडसून मागून देवा. मगे हो उजव्यान करीत.”

थोरल्या गावकारांनी नारळाच्या कवड्या गोळा करायला घेतल्या. बाबांचा हात कपाळावरून उतरला, पण कुठे ठेवावा ते त्यांना समजेना; तो तसाच पोटाजवळ राहिला. थांबायची रीत नसलेल्या त्या जागी आम्ही सगळे थांबलो होतो, आणि ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

धाकट्यानं डावा हात खाली घेतला. घुमटीकडे परत बघितलं नाही. समोर रस्त्याकडे नजर लावली आणि वळणातून चालत घरी गेला.